चाकणच्या बाजारातला कोयता

रत्नागिरीहून बोटीने मुंबई, मुंबईहून रेल्वेने लोणावळा आणि तेथून पुण्याच्या लोकलने चिंचवड, असा माझा प्रवास झाला. चिंचवडला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. माझ्याबरोबर फलाटावर सहा माणसे उतरली. पाच जण गावाच्या दिशेने चालू लागले. सहावा तेथेच उभा राहून हातातला कागद पाहत होता. डोक्याला टॉवेल, अर्धी चड्डी, काखेत घोंगडीची वळकटी, आणि कमरेमागे लाकडी आकडीत अडकवलेली कोयती. कमरेला अशी कोयती लावणारा माणूस घाटावरचा नसतो. मी विचारले, "कुठचे तुम्ही?"

"संगमेश्वराकडचा," तो म्हणाला. "पिंपरीचा माळ कुठंशी आला?"

त्याचे नाव धाकू. वय पंचविशीच्या आसपास. त्याने कागद माझ्यापुढे धरला. तो आमच्याच साप्ताहिकाचा तुकडा होता. पिंपरीजवळच्या माळावर कारखान्यासाठी झाडे तोडून जागा साफ करायची आहे, माणसे हवी आहेत, येणाऱ्याने आपापले हत्यार आणावे, अशी तीन ओळींची बातमी. ती मीच लिहिली होती. ठेकेदाराचे पत्र कचेरीत आले, मी त्यावरून मजकूर केला आणि छापायला दिला. त्यानंतर वाचकांची पत्रे येऊ लागली. काम खरोखर आहे का, राहण्याची सोय काय, अशी विचारणा त्यांत होती. म्हणून संपादकांनी मला प्रत्यक्ष पाहून येण्यास सांगितले.

हे मी धाकूला सांगितले.

"मंजे हे तुम्हीच लिवलंत?"

"हो."

"मग वाट तुम्हाला ठाव असंल."

"नाही. मीही पहिल्यांदाच येतोय."

त्याने कागदाची घडी घातली आणि टॉवेलात खोचली. "मग लिवलंत कसं?" असे त्याने विचारले. रागाने नाही, खरोखर जाणून घ्यायचे असावे. मी फलाटावरच्या हमालाला माळाची वाट विचारून घेतली. आम्ही चालू लागलो.

चिंचवडचे जुने गावठाण मागे पडले की जमीन एकदम मोकळी होते. ज्वारीची ताटे कापून नेलेली काळी राने, मध्ये मुरमाचे उंचवटे, आणि उंचवट्यांवर बाभळी, हिवर आणि निवडुंग. हिरवा रंग डोळ्यांना शोधावा लागतो. एका ठिकाणी कारखान्याच्या विटांच्या भिंती पुरुषभर उंच आल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत नगर, बीडकडची कुटुंबे चुली मांडून बसली होती. बायका काटक्या मोडत होत्या. बाभळीचा एक काटा माझ्या चपलेतून टाचेत शिरला. धाकूने तो आपल्या कोयतीच्या टोकाने काढला. हात हलका होता. रक्तही आले नाही.

चालता चालता त्याने घरचे सांगितले. मागल्या वर्षी त्यांच्या घराच्या छपराचे आढे मोडले. तेव्हापासून त्याची आई तिच्या भावाच्या पडवीत राहते. "मामी बोलत नाय काय," तो म्हणाला, "पण आये ताट घेऊन पडवीतच बसते. आत जेवत नाय." आढे, वासे आणि कौले यांच्यापुरते मिळवून परत जायचे, एवढाच त्याचा बेत होता. बातमी वाचून आईने स्वतः वळकटी बांधून दिली. "तिनं सगळ्या वाडीत सांगितलंन, पोराला नोकरी लागली म्हणून," तो म्हणाला.

माळावर पोहोचलो तेव्हा माणसे न्याहारीला बसली होती. एक आडवे पाडलेले खोड होते आणि त्यात चाळीस-पन्नास कोयते ओळीने रोवून ठेवलेले होते. या मुलखातला कोयता मी प्रथम पाहिला तो असा.

आमच्याकडची कोयती वीतभर पात्याची असते, पातळ, हलकी. माडावर चढणाऱ्याला तिचे ओझे होऊ नये अशी ती घडवतात. हा कोयता कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब. पाते मुठीजवळ अरुंद, पुढे तळव्याएवढे रुंद होत गेलेले, आणि टोकाला पोपटाच्या चोचीसारखे खाली वळलेले. त्याला येथे कोयत्याचे नाक म्हणतात. पाठ करंगळीएवढी जाड. मूठ बाभळीच्या लाकडाची, तिच्या तोंडाला लोखंडी कडी. मी परवानगी घेऊन एक उपटून पाहिला. पहिल्या प्रयत्नात निघाला नाही. निघाला तेव्हा सगळे वजन पुढच्या टोकाला असल्याचे मनगटाला कळले. वस्तू हातात धरली असे वाटत नव्हते; तिने हात धरला आहे असे वाटत होते.

मुकादम पाथर्डीकडचा होता. पांढरा फेटा, हातात छत्री. त्याने धाकूच्या कमरेची कोयती काढून घेतली, तळहातावर तोलली आणि बसलेल्या माणसांकडे वळून म्हणाला, "राव, न्हावी आलाय. कुणाची दाढी करायची हाय?"

माणसे हसली. धाकूही थोडा हसला.

"अरे भावा, हिनं बाभूळ न्हाई तुटायची, हीच तुटंल," मुकादम मग साध्या आवाजात म्हणाला. "उद्या सकाळी शेवटची टोळी भरतोय. दहा माणसं घ्यायची हायेत. इथला कोयता आण, खोडावर चालवून दाव, घेतो तुला. उद्या न्हाई आलास तर मंग जागा न्हाई."

"कोयता कुठे मिळेल?" मी विचारले.

"चाकणला आज बाजार हाय. बाजारतळाच्या कडंला घिसाडी (गावोगाव फिरणारे लोहार) उतरल्यात. त्यांचं पातं लागतंय इथं. दुसऱ्याचं वाकतं."

आम्ही भोसरीपर्यंत चालत गेलो आणि नाशिक रस्त्याला एस.टी.ची वाट पाहत बसलो. थांब्याजवळ दाऊदभाई नावाच्या गृहस्थांचे चहाचे दुकान होते. तेथेच ते सायकलींची पंक्चरेही काढत. आम्ही कोठून कशासाठी आलो ते ऐकून त्यांनी ज्वारीची भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. धाकूने ठेचा चटणीसारखा खाल्ला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "पानी नका देऊ, गूळ द्या त्याला," दाऊदभाई आतल्या बाजूला म्हणाले. गूळ आला. "रातच्याला कुठं टेकणार? बाकडं रिकामं असतंय माझं," असेही त्यांनी सांगितले. ओळख होऊन तेव्हा अर्धा तास झाला असेल.

मोशीला इंद्रायणी ओलांडली की चाकणपर्यंत रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना कांद्याचे वाफे. चाकणच्या भुईकोट किल्ल्याची ढासळलेली तटबंदी आधी दिसते आणि मग बाजाराचा गलबला ऐकू येतो. कांदा गोण्यांत नव्हता, जमिनीवर ढीग करून मांडला होता. वाऱ्याबरोबर त्याच्या सालपटांचा तांबूस पाचोळा सगळ्या बाजारभर उडत होता.

घिसाडी बाजाराच्या कडेला निंबाच्या झाडाखाली होते. एक बैलगाडी, जमिनीत पुरलेली ऐरण, चामड्याचा भाता. लोहाराचे नाव राणबा. उमर पन्नाशीची, अंगाने किरकोळ. तो सांडशीने तापलेले लोखंड धरून बसे आणि समोर उभी राहून त्याची बायको सगुणाबाई घण मारी. या लोकांत घण बायका मारतात. पदर कमरेला खोचलेला, पाय फाकलेले, आणि घण डोक्यामागून येऊन राणबाची छोटी हातोडी दाखवील त्याच जागी पडत होता. लोखंड देहूरोडच्या लष्करी डेपोतून भंगारात निघालेल्या मोटारींचे होते. मोटारीच्या कमानीतले, म्हणजे स्प्रिंगमधले, पोलादी पाटे तोडून त्यांचे कोयते करतात, असे राणबाने सांगितले. "लढाईवर जाऊन आलेलं लोखंड हाय. लई सोसलंय त्यानं. आता बाभळीला भीत न्हाई."

तयार कोयते गाडीच्या चाकाला टेकवून ठेवलेले होते. धाकूने एक निवडला. पैसे त्याच्यापाशी होते. पण राणबाने ते घेतले नाहीत. त्याने समोरच्या बाभळीच्या ओंडक्याकडे बोट केले. या घरची रीत अशी की गिऱ्हाइकाने त्यांच्यासमोर तीन घाव घालून दाखवायचे. घाव नीट पडले तरच पाते मिळते.

धाकूने पहिला घाव घातला. पाते सालीवरून घसरले. दुसरा खोल गेला आणि रुतून बसला. त्याने तो हिसका देऊन ओढला. तिसऱ्या वेळी कोयता ओंडक्याला चाटून त्याच्याच डाव्या नडगीकडे आला. कातडी वाचली. चड्डीची कड मात्र चिरली.

राणबा उठला, कोयता घेतला आणि पुन्हा चाकाला टेकवला.

"न्हाई मिळायचा," तो म्हणाला.

मी त्याला सगळे समजावून सांगितले. उद्याची टोळी शेवटची आहे, माणूस लांबून आला आहे, कोयता नसेल तर परत जावे लागेल. राणबाने शांतपणे ऐकून घेतले.

"सायेब, तुमी लिवनारे, तुमी लिवा. पातं माझ्या हातचं हाय. ह्यो उद्या पाय तोडून घील, आन मानसं इचारतील, कोयता कुनाचा? त्यापरास त्यानं घरी जावं."

त्याचे म्हणणे चूक नव्हते. चूक असलीच तर ती माझ्या तीन ओळींत होती. 'आपापले हत्यार आणावे' असे मी लिहिले होते, पण ते हत्यार कोणते, ते चालवायचे कसे, हे मी पाहिले नव्हते. धाकू ओंडक्याशेजारी उकिडवा बसून चिरलेली कड बोटाने चाचपत होता. "आयेला काय सांगू?" तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, ते सांगता येत नाही.

सगुणाबाई घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभ्या होत्या. आपसांत हे लोक त्यांची वेगळी बोली बोलतात, गिऱ्हाइकांशी मराठी. त्या धाकूला मराठीत म्हणाल्या, "गावाकडं काय तोडायचास रं?"

"माड. झावळ्या, नारळ."

"झाडावर चढून?"

"होय तर. खालनं कसं तोडनार?"

"पायात काय घालतूस चढताना?"

"दोराचा फास. दोनी पायांत."

"आन डावा हात?"

"बुंध्याला धरलेला."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "बगितलंस का? ह्यो अजून झाडावरच हाय. पाय जोडून उभा ऱ्हातोय. डावा हात वर जातोय, धराया कायतरी शोधतोय. मंग त्वल जातो आन पातं पायाकडं येतं."

मी तीनही घाव अगदी जवळून पाहिले होते. पाहणे हा माझा व्यवसाय आहे. धाकूचे पाय जोडलेले होते, हे मला दिसले नव्हते.

राणबा म्हणाला, "मंग आता शाळा काढ. कोयतं मी घडीवतो, मानसं तू घडीव."

"घडीवतेच की. तुझा येक तरी कोयता माझ्या घणाबिगर झालाय का?"

बाजारातली दोन-चार माणसे हसत जवळ आली. सगुणाबाईंनी दोन दगड आणून ओंडक्यापुढे अंतर सोडून ठेवले आणि धाकूला दगडांच्या बाहेरच्या बाजूंना पाय रोवायला सांगितले. त्याच्याच टॉवेलाने त्याचा डावा हात कमरेमागे बांधला. घडी घातलेला कागद तेव्हा खाली पडला. त्यांनी तो उचलून त्याच्या खिशात घातला. मग एक जुना, बोथट कोयता ओंडक्यावर ठेवला. हातात दिला नाही. धारेची वस्तू ही माणसे हातातून हातात देत नाहीत.

"आता मार. नगं, ताकद लावू नगं. पातं जड हाय, ते आपसूक पडतंय. तू फकस्त वाट दाव."

पहिले वीस-पंचवीस घाव पाहण्यासारखे नव्हते. डावा खांदा सारखा वर उडत होता. "उतर खाली, झाडावरनं उतर," त्या म्हणत. मग राणबा हाक मारी, त्या ऐरणीकडे जाऊन घण मारून येत आणि परत धाकूपाशी उभ्या राहत. "कोपर अंगाला लाव." "लाकडाकडं बग, कोयत्याकडं काय बगतूस, तो काय पळून जातोय?" एकदा धाकू वैतागून म्हणाला, "काकी, हात सुटा करा. बांधल्यावर माजा जीव घाबरतो." त्या म्हणाल्या, "घाबरू दी. खाली पडायला इथं उंची कुठं हाय?"

त्यावर धाकू हसला. त्यानंतरच्या घावाला आवाज वेगळा आला. आधी 'ठप' येत होता. हा 'टक' होता, कोरडा आणि आखूड. अंगठ्याएवढी ढलपी उडून माझ्या पायाशी पडली. राणबाने मान वर केली नाही, पण त्याची हातोडी थांबली. दुसरी ढलपी उडाली. तिसरी.

उन्हे कलली तेव्हा राणबाने चाकाजवळचा कोयता आणला. धाकूचा हात सोडला. धाकूने तो आपणहून कमरेमागे ठेवला. तीन घाव झाले. राणबा वाकून ओंडक्यातली खाच पाहून आला. मग त्याने धाकूला कोयता जमिनीवर ठेवायला लावला, पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, "उचल."

मी सगुणाबाईंचे आभार मानले. त्यांना त्यात काही विशेष वाटले नसावे. "लोखंड गरम हाय," असे म्हणून त्या ऐरणीकडे गेल्या.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने कोयत्याला चढू दिले नाही. "मानूस बसंल. ह्यो न्हाई बसायचा." शेवटी एका कांदेवाल्याने रिकामे गोणपाट दिले. त्यात गुंडाळून कोयता धाकूच्या मांडीवर आला. रात्री धाकू दाऊदभाईंच्या बाकड्यावर झोपला, मी दुकानाच्या फळीवर.

सकाळी माळावर सोळा-सतरा उमेदवार होते. मुकादम एकेकाला मनगटाएवढ्या जाड बाभळीपुढे उभा करी. धाकूची पाळी आली तेव्हा त्याने आधी आजूबाजूला पाहून दोन दगड आणले आणि खोडापुढे मांडले.

"काय राव, पूजा घालतूस का?" मुकादम म्हणाला. मागची माणसे हसली.

धाकूने पाय रोवले, डावा हात मागे नेऊन चड्डीच्या पट्ट्यात अडकवला आणि कोयता उचलला. पहिला घाव किंचित वर पडला. मला वाटले, खांदा उडाला. पण तो थांबला, कोपर अंगाला लावले. पुढचे घाव एकाच खाचेत पडले. किती ते मी मोजले नाहीत. झाड आडवे झाले. मुकादमाने छत्रीने एका टोकाकडे खूण केली. "तिकडं हिवराच्या रांगेला लाग," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला बोलावले. शाबासकी कोणालाच देत नव्हता. धाकू जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, आयेला कळवा. लागलो म्हणून."

दुपारी मी चिंचवड स्टेशनवर आलो. लोणावळ्याची गाडी येण्याआधी पुण्याकडे जाणारी आली. तिच्यातून दोन माणसे उतरली, वळकट्या घेऊन, आणि दोघांच्याही कमरेमागे आकडीत कोयत्या होत्या. एकाने पूल कोठे, वाट कोठे, असे इकडेतिकडे पाहिले आणि वर्तमानपत्राचा तुकडा बाहेर काढला.

माझी गाडी आली आणि गेली. मी त्या दोघांबरोबर भोसरीच्या रस्त्याला लागलो होतो. ते लांज्याचे चुलतभाऊ होते. टोळी भरली होती. तरी ठेकेदाराचे दुसरे काम देहूरोडच्या बाजूला निघायचे होते, असे मुकादमाने सांगितले होते. म्हणजे कोयता हवाच होता. वाटेत मी त्यांना पाय कसे ठेवायचे, डावा हात कोठे ठेवायचा, ते सांगू लागलो. थोरला ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "तुम्ही झाड तोडलंय काय कदी?"

"नाही," मी म्हणालो.

चाकणचा बाजार उठला होता. निंबाखाली भाता थांबला होता आणि सगुणाबाई गाडीत ऐरण चढवून घेत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "आनी किती जन आननार हायेस?"

"माझी बातमी वाचून जितके आले असतील तितके."

"उद्या आमी निगालो. जुन्नराकडं. परत कवा, ते न्हाई सांगता येनार." त्यांनी त्या दोघांच्या पायांकडे पाहिले. दोघेही पाय जोडून उभे होते. "लिव की मंग कागदात. तुला लिवता येतंय न्हवं?"

"काय लिहू?"

त्यांनी ऐरण गाडीवरून परत खाली घ्यायला लावली. राणबाने कुरकुर केली, पण दगड त्यानेच आणून ठेवले. मी वही काढली आणि सगुणाबाई त्या दोघांना जे सांगत गेल्या ते जसेच्या तसे उतरवून घेतले. अंधार पडेपर्यंत दोघांनाही कोयते मिळाले.

मी घरी एक दिवस उशिरा पोहोचलो. मग संगमेश्वराला जाऊन धाकूच्या आईला निरोप दिला. तिने दोनदा विचारले, पाय नीट आहेत ना. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी मला पिंपरीच्या माळाविषयी विचारले आहे. त्यांना सांगण्यासारखे मी जे जे आणले त्यातले सर्वांत उपयोगाचे एका बाईचे आहे. सगुणाबाईंना वाचता येत नाही आणि हा अंक त्यांच्यापर्यंत जाईल असा संभव नाही. मी त्यांचा ऋणी आहे. त्यांचा मजकूर असा:

"घरची कोयती घरीच ऱ्हाऊ द्या, ती तिथं लागंल. इथला कोयता इथं घ्या. पाय फाकून उभं ऱ्हावा. डावा हात मागं ठिवा. आपून झाडावर न्हाई, जिमिनीवर हाय, हे ध्यानात धरा. मंग पातं पडू द्या."